गेटवरची स्टुलं

शांतवन भिंगारदिवे मूळचे नगरकडचे, पण कामाला लागल्यापासून पुण्याचेच झाले. पिंपरीतल्या एका कारखान्यात ते स्टोअरमध्ये हमाली करायचे. डबा उघडण्याआधी मान खाली घालून क्षणभर प्रार्थना करायची त्यांची सवय. तिथले फोरमन शरच्चंद्र उपासनी ते पाहून सगळ्यांदेखत म्हणायचे, "काय पाद्रीबुवा, प्रार्थनेनं भाजीत मीठ पडतं का?" लोक हसायचे. शांतवन मुकाट्याने जेवायचे.

पुढे बाहेरचा स्वस्त माल आला आणि कारखाना बंद पडला. शांतवन हिंजवडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत सफाईच्या कामाला लागले आणि काही वर्षांत तिथेच सुपरवायझर झाले. सफाईवाले, माळी, गेटवरचे वॉचमन सगळे आता त्यांच्या हाताखाली.

एका सोमवारी एजन्सीने नवा वॉचमन पाठवला. अंगात ढगळ गणवेश, टोपी हातात. उपासनी! या वयात ही नोकरी का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि शांतवननी विचारलं नाही. ते ताडकन उठले, "या साहेब," म्हणाले आणि आपली खुर्ची पुढे केली. बाकीचे वॉचमन एकमेकांकडे पाहायला लागले.

मग हे रोजचंच झालं. उपासनी दिसले की शांतवन उठून उभे. प्रभूने शिकवलं तसं आपण वागतोय, याचं त्यांना मनातून समाधान वाटायचं.

आठवड्याभराने उपासनींनी त्यांना जिन्याखाली गाठलं.

"भिंगारदिवे, ही उठबस बंद करा."

"साहेब, तुमचा मान..."

"माझा? पोरं मला 'साहेब' म्हणून चिडवतात. तुम्ही किती नम्र आहात ते मात्र अख्ख्या कंपनीला कळलंय. अभिनंदन."

घरी आल्यावर शांतवननी सगळं बायकोला, सुलोचनाबाईंना, सांगितलं. त्यांना वाटलं होतं, ती आपली बाजू घेईल.

पोळी लाटता लाटता ती म्हणाली, "मग बरोबरच आहे की त्यांचं."

उपासनींना क्षमा केली असं शांतवन आजवर समजत होते. त्या रात्री प्रार्थना करताना मात्र त्यांना वाटलं, खुर्ची पुढे करताना आपण जुना हिशेबच चुकता करत होतो.

दुसऱ्या दिवशी उपासनी आले तेव्हा ते खुर्चीवरून उठले नाहीत. "उपासनी, आज मागचं गेट," एवढंच म्हणाले, जसं इतरांना म्हणायचे. मात्र दुपारी मागच्या गेटवरून जाताना त्यांना दिसलं, म्हातारा भिंतीला टेकून एक पाय उचलून धरतोय. घोटे सुजले होते. वॉचमननी बसायचं नाही, असा कंपनीचा नियम होता.

शांतवन मॅनेजरकडे गेले आणि सगळ्या गेटांवर स्टुलं मागितली. नाव कुणाचंच घेतलं नाही.

"झोपतील लेकाचे," मॅनेजर म्हणाला.

"झोपले तर मला जाब विचारा."

स्टुलं आली. एकदा एक जण खरंच झोपला आणि शांतवनना सगळ्यांसमोर बोलणी खावी लागली. ती त्यांनी खाल्ली. उपासनी दोन वर्षं टिकले, मग गुडघ्यांनी साथ सोडली. स्टुलं कुणामुळे आली हे त्यांना कधी कळलं नाही. जाताना त्यांनी आपल्या जागेवर आलेल्या नव्या माणसाला बजावलं, "सुपरवायझर कडक आहे हां. पण कुणाचा अपमान करत नाही."

त्या वेळी शांतवन गच्चीवर पाण्याची टाकी धुऊन घेत होते.