काउंटरखालचं बटण

आज तुम्हाला सांगतेय ते घरात कुणाला ठाऊक नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा तेवढं गाळूनच बोलते मी.

मी जतकडची. सातवीत शाळा सुटली, लग्न झालं, नवऱ्यामागे जुईनगरला आले. ठेकेदाराकडून एका बँकेच्या शाखेत साफसफाईला लागले. एसीतलं काम, वेळेवर पगार — माझ्यासारखीला आणखी काय पाहिजे? रोज शटर वर गेलं की उंबऱ्याला हात लावायचे. आणि रोज भीती — जरा चुकलं की ठेकेदार दुसरी बाई उभी करेल.

सायली मॅडम जासईची. नुकतीच बी.कॉम. झालेली, घरातली पहिली बँकवाली. वर्षभर नीट काम केलं तर पक्की होणार होती. तोंडावर मी मॅडम म्हणायचे, मनात पोरगीच. सकाळी सगळ्यांच्या आधी यायची. मग पासबुकवाले, केवायसीवाले, सही जुळत नाही म्हणून भांडणारे. त्यात केबिनमधून साहेबांची हाक — "सायली, विम्याचं टार्गेट?" डबा उभ्याउभ्याच खायची, तरी सुकट-भाकरीतली अर्धी मला. गिऱ्हाइकांशी एकदम शुद्ध बोलायची, माझ्याशी गावचं. "खा गो मावशी, आयनं तुज्यासाठीच जास्ती दिलाय."

हे सगळं का सांगतेय? ती किती चांगली होती ते कळावं म्हणून — की त्या दिवसापाशी जायला उशीर व्हावा म्हणून?

नोव्हेंबर होता. पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्यांसाठी गर्दी. घाईत मॅडमच्या बाटलीतलं पाणी खाली सांडलं, मी पोछा घेऊन काउंटरखाली वाकले. तिथं पायानं दाबायचं बटण असतं, दरोडा पडला तर पोलिसांना कळावं म्हणून.

भोंगा वाजला.

वॉचमननं धाडकन शटर ओढलं. म्हातारी माणसं एकमेकांवर आदळली, एक आजोबा छाती धरून खालीच बसले. पोलीस आले. चोर नाही, काही नाही. आजोबा पाणी पिऊन सावरले, पण साहेबांचा चेहरा उतरलेला. भिंतीवरच्या भोंग्याच्या पेटीत दिवा लागला होता — सायली मॅडमच्याच काउंटरचा.

"मी नाही दाबलं सर, वायरिंगच खराब असेल..." मॅडम म्हणाली. साहेब माझ्याकडे वळले. "मावशी, तुम्ही तिथंच होता ना? काय झालं?"

इथवर आले की मी नेहमी थांबते. मनातल्या मनातसुद्धा. कुणी दम दिला नव्हता हो. साधं विचारलं होतं. नुसती गप्प राहिले असते तरी — पण नाही, मी बोलले.

"मॅडमचा पाय लागला, साहेब. मी बघितलं."

तिनं खाली पायांकडे बघितलं. सगळ्यांसमोर तिच्या तोंडून गावचंच बोलणं आलं — "उचलताना लागला काय गो मावशी?"

मी 'हो' म्हणून मान हलवली. आणि तिनं मानलं! स्वतःच्या पायापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. साहेबांची माफी मागितली, पोलिसांची, त्या आजोबांची.

तिच्याकडून लेखी खुलासा घेतला. पक्कं होणं लांबलं. स्टाफची पोरं चिडवायची, "आली सायरन! कान झाका रे." ती हसायची. वरून सगळ्यांना हसणंच दिसायचं. मला खालचं दिसायचं — दिवसभर दोन्ही पाय खुर्चीखाली आवळून बसायची, बटणापासून लांब. संध्याकाळी उठली की पहिली काही पावलं लंगडायची. त्या पायांच्या आजूबाजूनं मी रोज पोछा फिरवला.

पुढं तिची उरणकडे बदली झाली. जायच्या दिवशी अख्खा डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, "मावशी, तू त्या दिवशी खरं बोललीस ते बरं झालं. मी तर वायरिंगवाल्याच्या गळ्यात घालनार होते."

डबा मी घेतला. घरी जाऊन खाल्लाही.

पोछ्याचा दांडा लागला होता. माझ्या हातातला. बटण दबलं तेव्हा तिचे दोन्ही पाय वर होते — मला नीट पुसता यावं म्हणून तिनं उचलून धरलेले. ते मात्र मी खरंच बघितलं होतं.