कापूसमावशी

आमच्या धाकट्या जावेला तिच्या पाळणाघरातली पोरं कापूसमावशी म्हणायची. दोन्ही कानांत कायम कापसाचे बोळे, पोरांनी दुसरं काय म्हणावं? तीही खुशाल ओ द्यायची. तिचे कान लहानपणापासून वाहायचे. तेव्हा एकदा ठणक्याने रडरड रडली होती, मग एका सकाळी कानातून पू आला आणि दुखायचं थांबलं. घरच्यांना वाटलं, सुटली पोरगी. अहो, सुटली कसली! पडदा फाटला, म्हणून कळ थांबली होती.

तिला स्वतःचं मूल झालं नाही. दोन खोल्या आणि दिवसभर दुसऱ्यांची पोरं, त्यांच्यातच तिचा जीव. कॅशियरबाईंची छकुली तर तिला चिकटलेलीच असायची. एकदा सर्दीनंतर छकुली किरकिर करायला लागली. कान ओढायची, आडवं केलं की किंचाळायची. आई म्हणाली, "दाढा येत असतील."

"दाढाबिढा काही नाही, कान दुखतोय तिचा. आधी डॉक्टरकडे न्या," जाऊ म्हणाली.

डॉक्टरांनी औषध दिलं. ताप उतरला तशी आईने बाटली कपाटात ठेवून दिली. झालं, आमची बाई चवताळली! "दुखायचं थांबलं म्हणजे बरं झालं असं नसतं हो. सांगितलंय तितके दिवस द्या."

मी म्हटलं, "लोकांना शहाणपण शिकवतेस, आणि तुझे कान?"

"माझे कुठे दुखतायत, ताई?" म्हणाली आणि हसली.

असा संताप यायचा! वर कुणी सांगितलं म्हणून कोमट तेल घालायची. फाटक्या पडद्यात तेल! कानाला वास यायला लागला, तर लोकांपासून हातभर लांब उभी राहायची, पण डॉक्टरचं नाव नको.

शेवटी एक दिवस पाळणाघरातल्या एका पोराला उचलायला वाकली आणि भोवळ येऊन पडली. तोंड एका बाजूला वाकडं झालं. मी तिला तशीच दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, कानामागचं हाड पोखरलंय, आता थांबलो तर मेंदूपर्यंत जाईल. ऑपरेशन झालं, जीव वाचला. उजवा कान मात्र कायमचा गेला. डावा आधीच अधू, आणि तो सुकेपर्यंत ऐकायचं यंत्रही लावता येणार नव्हतं.

तरी घरी आल्यावर एकच ध्यास, पाळणाघर उघडायचं. समोर बसून बोललं की तिला ओठांवरून समजायचं, त्यामुळे मलाही आशा होती. कॅशियरबाईंनी छकुलीला आणून सोडलं. सोबतीला मी होतेच. जेवून छकुली आतल्या खोलीत झोपली आणि ही ओट्याशी, आमच्याकडे पाठ करून, दुधाच्या बाटल्या धुवायला लागली.

थोड्या वेळाने छकुली उठून रडायला लागली. मी जागची हलले नाही. म्हटलं, ऐकेल, आता वळेल. तिने नळ बंद केला, बाटली पुसली, गुणगुणत दुसरी घेतली. आत पोरगी "मावशी, मावशी" करून टाहो फोडत होती. तरी मी बसूनच.

मग छकुलीच धडपडत आली आणि तिच्या पायांना मिठी मारली. ही केवढ्याने दचकली.

"कधीपासून रडतेय ही?"

"आत्ताच उठली," मी धडधडीत खोटं बोलले.

तिने माझे ओठ वाचले. मग छकुलीच्या फ्रॉकचा गळा चाचपला. चिंब भिजला होता. पोरीला कडेवर घेऊन ती कितीतरी वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"ताई," म्हणाली, "हिच्या आईला फोन करा. आणि बाकीच्यांनाही सांगा, दुसरं पाळणाघर बघा म्हणावं."