एका कोटातल्या दोघी

थोरलीला सगळी वसाहत 'तोफ' म्हणायची. तोंडावर म्हणायची, आणि ती ऐकून खूश व्हायची. दवाखान्याच्या धुलाईखान्यात ओल्या चादरींचे गठ्ठे उचलून उचलून तिचे दंड पैलवानाचे झाले होते. आवाज असा, की यंत्रांच्या खडखडाटातही तिने घातलेली शिवी पलीकडच्या खोलीतल्या मुकादमाला बिनचूक पोचायची.

वसाहतीचं नाट्यगृह उभं राहिलं ते या आवाजावर. आधी तिथे बसगाड्या दुरुस्त करायची शेड होती. शेड बंद पडली, नगरपालिकेने कुलूप ठोकलं आणि आत उंदरांनी संसार थाटले. तेव्हा ही बाई शेजारणींना गोळा करून कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. साहेब म्हणाला, "तुम्हाला नाटकं कशाला हवीत? आधी नळाला पाणी येतं का ते बघा."

"पाणी सोडणं तुमचं काम. ते आम्ही बघू लागलो तर तुम्ही काय बघाल?" थोरली म्हणाली. "किल्ली द्या."

किल्ली मिळाली. त्यामुळे पहिल्या नाटकापासून मुख्य बाईचं काम तिचं. ते तिला कुणी दिलं नव्हतं आणि काढून घ्यायची कुणाची छातीही नव्हती.

अडचण एकच. वसाहतीतली सगळी माणसं पाळीने कामावर जाणारी. आज नायक कारखान्यात, उद्या खलनायक रात्रपाळीला. म्हणून प्रत्येक भूमिका दोघांनी पाठ करायची असा रिवाज पडला. एक कामावर असला की दुसरा रंगमंचावर. या जोडीचे नियम कुठे लिहिलेले नव्हते, पण मोडायची कुणाची टाप नव्हती. जोडीदाराला आपल्याजवळचं सगळं द्यायचं. कुठे उभं राहायचं, कुठे थांबलं की लोक हसतात, कुठे दम पुरत नाही, सगळं. हातचं राखायचं नाही. आणि कपडे दोघांत एकच. दोघं मोकळे असले तर कपड्यांच्या खोलीत जायचं, आपसात काय ते बोलून घ्यायचं. बाहेर येताना कपडे ज्याच्या अंगावर, काम त्याचं. दुसऱ्या कुणी मध्ये बोलायचं नाही.

थोरलीची जोडीदारीण एक शिलाईवाली मावशी होती. बिचारीचा आवाज पहिल्या रांगेपर्यंत जेमतेम जायचा. तिच्याशी जोडी म्हणजे थोरलीचं एकटीचंच राज्य. पण मावशी लेकीकडे राहायला गेली, आणि पेंटर म्हणाला, "तुझ्या धाकट्या जावेला घेऊ."

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा म्हातारा. नाटकंही तोच बसवायचा.

"तिला?" थोरली म्हणाली. "अहो, ती घरात काही मागते तेव्हा भांड्यांना तरी ऐकू येतं का?"

"म्हणूनच ऐकायला माणसं पुढे सरकतात," पेंटर म्हणाला आणि बिडी शोधायला लागला.

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. धाकटी बेकरीत कामाला होती. मनगटं काडीसारखी, भुवयांवर कायम मैदा. घरात दोन्ही जावांचे संसार एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे. भिंतीपलीकडून कधी भांडणाचा आवाज नाही, रडण्याचा नाही. थोरली सासूचे पाय रात्रभर चेपत बसली तरी सासू सकाळी म्हणायची, "धाकटी काल विचारून गेली हो, बरं वाटतंय का म्हणून." फुकटचं विचारून पुण्य कमवायचं हे थोरलीला कधी जमलं नाही. आणि आता नाटकातही हीच?

नाटक होतं संपाचं. एका विधवेचा मुलगा संप फोडून कामावर जातो. आई त्याला घराबाहेर काढते आणि त्याच्या तोंडावर दार लावते. शेवटचा शब्द एकच, "जा." थोरली तो असा सोडायची की वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. मग दार धाडकन लागायचं, आणि टाळ्या.

आईच्या अंगात एक जांभळा कोट असायचा. थोरलीला दंडात घट्ट, धाकटीला खांद्यावरून घसरणारा. धाकटीने आतून एक टाचणी लावून तो बरोबर बसवला, तेव्हा थोरलीला तेवढंही सहन झालं नाही. "कोटाला भोकं पाडू नकोस," ती म्हणाली.

तरी तिने शिकवलं. रिवाजच होता. चहा ठेवायचा, खुर्च्या सरकवायच्या आणि शिकवायचं. इथे वळायचं. इथे मुलाकडे बघायचं नाही. इथे आवंढा गिळायचा, पण लोकांना दिसेल असा. धाकटी मान हलवायची आणि एकदा सांगितलेलं पुन्हा विचारायची नाही. त्यानेच थोरली जास्त जळायची. बाई, चुकशील तरी एकदा!

शेवटी दाराचा प्रसंग आला. ते दार पाडलेल्या एका घरातून आणलेलं होतं, जड आणि वाकलेलं. नुसतं ढकललं तर अर्ध्यावर जमिनीला घासून अडायचं. कडी वर ओढायची, डाव्या पायाने खालून उचलायचं आणि मग खांद्याने रेटायचं, तेव्हा कुठे ते लागायचं. ही खुबी थोरलीने स्वतः शोधली होती. तालमीला दार नसायचं, ते खेळाच्या दिवशीच उभं करायचे. तालमीत नुसता हात पुढे करायचा.

"आणि इथे दार लावायचं," थोरली म्हणाली.

"कसं?"

"दार कसं लावतात? घरी लावत नाहीस का?"

धाकटीने तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाली, "बरं, जाऊबाई."

धाकटीचा पहिला खेळ होता तेव्हा थोरलीची कामाची पाळी होती. तिने दुसरीशी अदलाबदल केली आणि शेवटच्या रांगेत येऊन बसली. नवरा शेजारी. "बघ हं, तुझी शिष्या," तो म्हणाला. "गप बसा," ती म्हणाली.

पहिला अंक तिने दात आवळून बघितला. धाकटी हळू बोलत होती आणि खरंच, माणसं पुढे सरकत होती. पुढची खुर्ची करकरली की लोक त्या माणसाकडे रागाने बघत होते. थोरली मनात म्हणाली, थांबा. दार येऊ दे.

दार आलं. धाकटीने ढकललं. दार अर्ध्यावर अडलं. फटीत मुलाचं काम करणारा वायरमन उभा, त्याचा चेहरा पांढराफटक, कारण दार लागलं की त्याने पडद्याआड पळायचं होतं आणि आता पळता येईना. थोरली खुर्चीच्या काठावर आली. कुणीतरी आता हसणार. नक्की हसणार.

धाकटीने पुन्हा ढकललं. पुन्हा अडलं. मग ती थांबली. हात दारावर तसाच. ना लावता येतंय, ना उघडवतंय. ती फटीतून मुलाकडे बघत राहिली, आणि जे थोरली एवढी वर्षं ओरडून म्हणत आली ते ही जवळजवळ विनवणीसारखं म्हणाली, "जा."

कुणी हसलं नाही. टाळीही पडली नाही. मग मधल्या रांगेतून एक बाई हुंदका दाबायला गेली आणि तिला तो दाबता आला नाही. तिच्यामागे आणखी कुणी. थोरलीने नवऱ्याकडे बघितलं. तो बाहीने नाक पुसत होता.

"सर्दी झालीय," तो म्हणाला.

"घरी चला, सर्दी काढते तुमची."

दुसऱ्या दिवशी पेंटरने दोघींना बोलावलं. "आजपासून दार अर्धंच. दोघींनी तसंच करायचं."

"दार अडलं त्याला तुम्ही अभिनय म्हणता?" थोरली कडाडली. "ती चूक होती!"

"होती. पण कुणाची?" पेंटर म्हणाला.

धाकटी नखातला मैदा काढत होती.

तिसरीच भानगड सुताराने केली. आपण बसवलेलं दार सगळ्या गावासमोर अडलं म्हणून त्याची झोप उडाली होती. कुणाला न विचारता त्याने खालून रंधा मारला, बिजागऱ्यांना तेल घातलं. आता दार बोटाने लागायचं. थोरलीच्या खेळाला तिने अर्ध्यावर हात थांबवला, चेहरा ओढला, "जा" म्हणाली, तेही हळू. लोक खोकले. एका पोराने सर्वांना ऐकू जाईल असं विचारलं, "आई, ती दार का लावत नाही?" तिकीट फाडणारी बाई नंतर म्हणाली, "आज तुमचा घसा बसलेला वाटतं." तोफेला कुणी असं म्हणायचे दिवस आले.

अशात नाट्यगृहाच्या वर्धापनदिनाचा खेळ आला. आसपासच्या वसाहतींतल्या सगळ्या नाटकमंडळ्या बघायला येणार होत्या. त्या दिवशी दोघींनाही सुटी होती. म्हणजे कपड्यांच्या खोलीत जायचं आणि कोट कुणाच्या अंगावर ते ठरवायचं.

खोली म्हणजे जुन्या शेडमधली टायर ठेवायची जागा. थोरली आधीच जाऊन कोट घालून बसली होती. वरचं बटण लागत नव्हतं, ते तिने तसंच ठेवलं होतं. धाकटी आली, दार लोटलं, खोक्यावर बसली.

"घातलात? बरं झालं," ती म्हणाली.

"बरं झालं म्हणजे?"

"म्हणजे बरं झालं. पण शेवटाचं काय करणार? दार आता गुळगुळीत झालंय. खोटं अडवलं तर लोकांना कळतं. मलाही कळलं."

"माझा खेळ बघायला आली होतीस?"

"तुम्ही माझा बघायला आला होतात की."

थोरलीने वरचं बटण उगाच ओढून बघितलं. धाकटी मग नेहमीच्याच, भांड्यांनाही ऐकू न जाणाऱ्या आवाजात म्हणाली, "दार अडतं हे मला माहीत होतं, जाऊबाई. वायरमनने आधीच सांगितलं होतं. कडी ओढायची, पाय लावायचा, तेही."

"मग?"

"तुम्ही सांगाल म्हणून वाट बघत होते. नाही सांगितलंत. मग म्हटलं, तुमच्यासारखं धाडकन लावून मी काय तुमची बरोबरी करणार? अडूच दे."

थोरलीने तिला वरपासून खालपर्यंत बघितलं, जणू भिंतीपलीकडे इतकी वर्षं कुणी दुसरीच राहत होती. "अगं, तू तर माझ्याही वरताण निघालीस."

"तुमच्याच हाताखाली शिकले."

"टोमणा मारतेस?"

"हो."

थोरलीला हसू आलं आणि त्याच वेळी तिची मान धरावीशीही वाटली. ती म्हणाली, "बोल. काय करायचं दाराचं?"

"बाहेरच्या बाजूने, खाली उकिडवं बसून, कुणीतरी दार धरायचं. खरंच धरायचं. आतून खरंच ढकलायचं. कधी घट्ट धरायचं, कधी बोटभर सोडायचं, ते भूमिका पाठ असलेल्यालाच कळणार. म्हणजे तुम्ही नाहीतर मी."

"ठरलं. मी ढकलते, तू धर."

रंगमंच रिकामा होता. धाकटी दाराबाहेर जाऊन बसली. थोरलीने कोट सावरला, मनात मुलगा आणला आणि ढकललं. पलीकडे धपकन आवाज झाला, दार धाडकन लागलं. उघडून बघितलं तर धाकटी जमिनीवर, पाय वर.

"नीट धर की!"

"धरलं होतं."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. थोरलीने जोर कमी करून बघितला, पण जोर कमी केला की पुन्हा ते खोटंच, आणि खोटं तिला जन्मात जमलं नव्हतं. तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. याच हातांनी कुलूप उघडलं होतं, गठ्ठे उचलले होते, सासूचे पाय चेपले होते. धाकटी कोपर चोळत उभी होती आणि मेली एक शब्द बोलत नव्हती. बोलली असती तर भांडता तरी आलं असतं.

थोरलीने कोट काढला. तो तिच्या अंगावर टाकला, टाचणी स्वतः लावली, आणि लावताना जरा टोचलीच.

"आई गं!"

"लागलं का? चुकून हो."

संध्याकाळी शेड खच्चून भरली. थोरली कापडी भिंतीआड अंधारात उकिडवी बसली, दाराची खालची फळी दोन्ही हातांत. आतून धाकटीचं एकेक वाक्य येत होतं. इथे वळणार. इथे आवंढा. थोरलीच्या ओठांवर प्रत्येक शब्द आपोआप येत होता आणि कुणाला दिसत नव्हता.

दारावर भार आला. काडीसारख्या मनगटांचा, पण खरा. थोरलीने धरलं. तिला वाटलं, सोडून द्यावं. एकदाच. दार धाडकन लागेल, बाईसाहेब तोंडावर पडतील, सगळ्या मंडळ्या बघतील. हात सोडायचाच काय तो उशीर. दुसरा धक्का आला, पहिल्यापेक्षा रडवेला. नेमकं इथेच बोटभर सोडायचं असतं. थोरलीने सोडलं, आणि लगेच पुन्हा आवळून धरलं. पलीकडे धाकटीचा श्वास अडकला. तो खरा अडकला होता.

"जा."

सगळी शेड मुकी झाली. अशी शांतता थोरलीने आपल्या कुठल्याही खेळात ऐकली नव्हती. टाळ्याच असायच्या. पण फळी तिने हलू दिली नाही. पडदा पडला. मग पत्रा फुटेल असा टाळ्यांचा कडकडाट झाला. दारावरचा भार तसाच होता.

"सोडा आता, जाऊबाई," फटीतून आवाज आला.

"तू आधी सोड."