दुधीच्या मांडवाची जागा

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात आम्ही दोघं दर शनिवारी आमच्या एडिसन गावाहून निघायचो, कधी न्यूयॉर्कच्या चायनाटाउनला, कधी फिलाडेल्फियाच्या. मी कामासाठी, ही भाजीसाठी. दोन्ही चिनी वस्त्यांत जमीन कशी वापरली जाते, याचे तुलनात्मक नकाशे आमची कंपनी करत होती. गल्लोगल्ली हिंडून नकाशावर प्रत्येक प्लॉटला त्याच्या वापराप्रमाणे रंग देणं माझ्याकडे होतं.

न्यूयॉर्कमध्ये रंग पुरायचे नाहीत. तळाला मासळीचं दुकान, वर शिवणकाम, त्याच्यावर बिऱ्हाडं. फुटपाथवर मासळीच्या वितळलेल्या बर्फाचं पाणी. झाडं मोजकीच, पण बागेत म्हातारे बुद्धिबळाच्या पटावर असे भांडायचे की ऐकत राहावं. "लाल माठ बघा किती कोवळा!" म्हणत ही पुढे, पिशव्या घेऊन मी मागे.

फिलाडेल्फियाची वस्ती लहान. एका अंगाला खोल खणलेला हायवे, जिकडेतिकडे पार्किंग. डांबराचा चटका चपलेतून बसे. तिथेच दोन इमारतींच्या मधे एका चिनी आजींनी दुधीचा मांडव घातला होता. जुने पाइप, पडद्याच्या दांड्या, सुतळी. आत शिरलं की गार वाटे.

ही त्यांच्याशी सरळ मराठीत बोले. "मावशी, हा जून झालाय, बियाला ठेवा." त्या चिनीत काहीतरी सुनावत. मग दोघी हसत.

त्या प्लॉटला मी करडा रंग देताना हिने पाहिलं.

"करडा म्हणजे काय हो?"

"रिकामी जागा."

"डोक्यावर दुधी लटकतायत आणि रिकामी?"

"बांधकाम नसलं की रिकामीच. दुधीचा रंग नाही आमच्याकडे."

"मग शेरा लिहा. मोकळी म्हणा हवं तर. रिकामी म्हटलं की कोणीतरी भरायला येतं."

"लिहितो गं."

नाही लिहिलं. साहेबांना शेरे आवडत नसत आणि माझी निवृत्ती जवळ आली होती.

दोन वर्षांनी गेलो, तर तिथे डांबर आणि गाड्या. ही गाडीतून उतरलीच नाही.

"तुम्ही लिहिलं होतंत ना?"

"हो."

शेऱ्याने मांडव वाचला असताच असं नाही. पण त्यानंतर प्रत्येक जेवणावळीत ही सांगायची, "आमच्या ह्यांनी लिहून दिलं होतं हो, ऐकतं कोण!" पोरं म्हणायची, "काका, ग्रेट यार!" मी पानातलं खात राहायचो.

परवा तिला खरं सांगितलं.

"मांडव गेला तो गेला," ती म्हणाली. "पण इतक्या जणांना मी छाती ठोकून सांगितलं. मला कशाला खोट्यात पाडलंत?"

"चुकलं माझं."

"मला सांगून काय उपयोग? ज्यांना मी सांगितलंय, त्यांना तुम्ही सांगा."

त्यातले पुष्कळ एडिसन सोडून गेलेत. पहिला फोन त्या पोरांतल्या एकाला लावला, तो आता दूर अल्फारेटा गावी असतो.

"काका! किती दिवसांनी! काकू काय म्हणतायत?"

"काकूंनीच फोन करायला लावलाय," मी म्हणालो आणि खुर्ची ओढून बसलो.