डब्यातली लाल चिठ्ठी

दुपारी ऑफिसात डबा उघडला, तर पोळीभाजीऐवजी आत लाल शाईची चिठ्ठी: ‘अमान्य.’ अक्षर बायकोचं, सुनंदाचं. शब्द मात्र माझा.

संगणकावर गाण्याला घुमारा देणारं एक प्लगइन, म्हणजे छोटासा जोड-प्रोग्रॅम, मी लिहिलाय. सुनंदा बऱ्याच वर्षांनी पेटी घेऊन गायला बसली, तेव्हा मोठ्या ऐटीत तेच तिला लावून दिलं. घुमारा किती हवा ते लिहायच्या चौकटीत तिने मराठीत ‘५०’ लिहिलं. माझ्या प्लगइनला फक्त इंग्रजी आकडे कळतात. ते लाल अक्षरांत म्हणालं, ‘अमान्य.’ काय अमान्य, ते नाही. तिला वाटलं, आपला आवाजच. पाच वेळा गायली, पाचही वेळा अमान्य. मग पेटी माळ्यावर गेली.

‘चुकलं’ म्हणायला एक शब्द पुरतो. कुठे चुकलं आणि आता काय करायचं, हे सांगायला थोडी माया लागते. संसारातही मी बहुधा तो एकच शब्द वापरत आलो.

उपाशीपोटी प्लगइनचा संदेश बदलला: ‘घुमाऱ्याच्या चौकटीत 50 असा इंग्रजी आकडा लिहा. तुमच्या आवाजात काही चूक नाही.’

घरी दाखवला. तिने दोनदा वाचला.

“अहो, एवढं आधी सांगता येत नव्हतं?” म्हणाली आणि मला पेटी उतरवायला लावली.

दुसऱ्या दिवशी डबा भरलेला होता. वर चिठ्ठी: ‘भाजीत मीठ नाही. चुकून नाही, मुद्दाम. निमूट खाणे. मी पाच वेळा गायले होते. अजून तीन डबे बाकी आहेत.’