तोरणा दिसतो, भिंत दिसत नाही

वस्तू पारखून घेण्यात अख्ख्या विंझरमध्ये माझा हात धरणारा कोणी नाही. निदान दुर्बीण घेईपर्यंत माझी तशी समजूत होती.

आमची लेक सायली एअर रायफल चालवते. गोठ्याच्या भिंतीला कागदी लक्ष्य लावायचं आणि अंगणातून दहा मीटरवरून नेम धरायचा. पण छर्रा नेमका कुठं लागला, ते उभ्या जागेवरून दिसत नसे. मग दरवेळी रायफल ठेवा, चालत जा, भोक बघा, परत या. तेवढ्यात हात आणि श्वास दोन्ही बिघडायचे. जिल्ह्याची स्पर्धा महिन्यावर आली होती आणि पोरगी रडकुंडीला. तिच्या नेमबाजीच्या सरांनी सांगितलं, स्वस्तातली का होईना, एक दुर्बीण घ्या.

मी पुण्याला निघालो तेव्हा सायलीनं बजावलं, "अण्णा, दहा मीटरवरचं दिसतंय का, तेवढं बगा."

"अगं, ज्याला तोरणा चढता येतो, त्याला उंबरा जड जातो व्हय?" (हे वाक्य पुढं महिनाभर मलाच ऐकावं लागलं.)

दुकानदारानं एकाच किमतीच्या दोन दाखवल्या. एक बुटकी, दुसरी चांगली हातभर लांब. तो सारखं बुटकीचंच कौतुक करत होता, म्हणून मला संशय आला. जे खपत नाही तेच गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतात, एवढं मी बैलबाजारात शिकलोय! दोन्ही घेऊन बाहेर आलो आणि लांबच्या टेकडीवर रोखल्या. लांबडीतून तिथल्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजता येत होती. सौदा झाला.

घरी तिवईवर चढवून तोरण्याकडे वळवली, तर गडावरचा भगवा दिसला. समोरच्या तात्यांची हरवलेली शेळी पार डोंगरात सापडली. तात्या खूष, मी खूष. मग सायलीनं ती भिंतीकडे फिरवली. दिसलं ते नुसतं ताक. चकती फिरवून बोटं दुखली, पण ताक काही निवळेना. खोक्यातला कागद तेव्हा कुठं वाचला. पंचवीस मीटरच्या आतलं तिला दिसतच नव्हतं.

"उंबरा जड गेला वाटतं," बायको म्हणाली.

दुकानदार परत घेईना. त्याचंही खरं होतं, बुटकी घ्या म्हणून तो तीनदा बोलला होता.

शेवटी हवं तेवढं अंतर मिळालं ते रस्त्यापलीकडे, तात्यांच्या शेळ्यांच्या गोठ्यात. पोरीनं दहा पावलं चालू नयेत म्हणून मी रोज शेळ्यांत बसून, दुर्बिणीला डोळा लावून ओरडू लागलो, "आठ! खाली, डावीकडं!" एका शेळीनं माझ्या सदऱ्याची बाही खाल्ली. पण सायली जागची हलेना, आणि छर्रे जवळजवळ पडू लागले. खोटं कशाला सांगू, मला भरून आलं.

स्पर्धेत ती दुसरी आली. परीक्षकांनी कौतुकानं विचारलं, घरी कोणती दुर्बीण वापरतेस?

सायलीनं माझ्याकडे बोट केलं. "हे आमचे अण्णा. जवळचं दिसत न्हाई, पर आवाज लई लांब जातो."