पश्चिमेच्या भिंतीतले सहा फूट

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करते. दूधवाल्याने एखाद्या दिवशी दूध घट्ट दिलं तरी मला वाटतं, यात काहीतरी कालवलंय. घरातले मला 'चौकशी खिडकी' म्हणतात. मी जुन्या इमारतींचे नकाशे काढते. या धंद्यात मात्र असला स्वभाव कामाला येतो, कारण जुन्या इमारतीत कुणी ना कुणी काहीतरी झाकून ठेवलेलंच असतं.

कर्जतहून खालापूरकडे जाताना डोंगराच्या पायथ्याशी ख्रिस्ती संन्याशांचा एक मठ आहे, इंग्रजांच्या काळात बांधलेला. त्याची कौलं गळायला लागली तेव्हा मठ चालवणाऱ्या संस्थेच्या मुंबईतल्या कार्यालयाने मला बोलावलं. दुरुस्तीआधी सगळ्या इमारतीचा नकाशा हवा होता. एप्रिलचे दिवस होते. मी रोज सकाळी स्कूटरवरून जायची.

पहिल्या दिवशी इमारत बघून खूश झाले. मधे फरसबंद अंगण, चारी बाजूंनी कमानींची ओवरी, ओवरीमागे संन्याशांच्या खोल्या. खोल्या इतक्या अरुंद की खाट आणि टेबल सोडून तिसरं काही मावू नये. पूर्वेला प्रार्थनामंदिर, पश्चिमेला लांबलचक भोजनगृह. आपल्याकडचा काळा दगड, चुन्याचा गिलावा, छपराला आधार द्यायला सागाच्या कैच्या. आराखडा सातासमुद्रापलीकडून आला असेल, पण छपराचा उतार मात्र इथला पाऊस बघूनच दिलेला होता.

एवढ्या मोठ्या मठात आता एकच संन्यासी उरले होते. वसईकडचे, ऐंशीच्या घरातले. त्यांना सगळे ब्रदर म्हणायचे. मी कुठेही टेप लावली की हे मागे हजर. पूर्वेला, दक्षिणेला काही बोलायचे नाहीत. पश्चिमेच्या भोजनगृहात मी शिरले की म्हणायचे, "इथे काय मोजायचं, बाई? चला, चहा घेऊ." पहिल्यांदा मला ते अगत्य वाटलं. तिसऱ्यांदा चहा आला तेव्हा मी कान टवकारले.

चौथ्या दिवशी मापं कागदावर उतरवली आणि कोडं समोर आलं. त्या बाजूची रुंदी बाहेरून अठ्ठावीस फूट. आत भोजनगृह सतरा. दोन्हीकडच्या दगडी भिंतींचे पाच फूट धरले तरी सहा फूट कुठेच सापडेनात. पुन्हा मोजलं. तेच.

"भिंत जाड आहे," ब्रदर म्हणाले. "जुनी माणसं जाड भिंती बांधायची."

"साडेआठ फूट जाड?"

"जुनी माणसं," ते म्हणाले आणि चहा टाकायला गेले.

त्यात भर म्हणून सकाळी मला वाडीतल्या बायका दिसायच्या. डोंगराच्या अंगाला ठाकरांची वाडी आहे, तिथल्या. मठाच्या पश्चिमेच्या भिंतीआडून त्या निघायच्या, डोक्यावर हंडे आणि हंड्यांवर फडकी बांधलेली. मला बघितलं की बोलणं बंद. माझ्या मनात काय आलं ते लिहायला लाज वाटते, पण आलं ते आलं. दारू. म्हातारा मठात दारू गाळून घेतो किंवा गाळू देतो, आणि म्हणूनच मला चहा पाजतो.

दुपारी ब्रदर प्रार्थनेला गेले की अर्धा तास बाहेर यायचे नाहीत. तेवढ्यात मी भोजनगृहातलं भिंतीलगतचं कपाट सरकवलं. मागे कमरेएवढं दार होतं, कडी नुसतीच लावलेली. उघडलं तर थंडगार हवा तोंडावर आली. मोबाइलचा उजेड टाकला. दगडी पायऱ्या खाली उतरत होत्या आणि तळाशी पाणी होतं. स्वच्छ, काळंभोर. भिंतीइतकी लांब, त्या हरवलेल्या सहा फुटांत बसवलेली टाकी, वर विटांची कमान. चारी छपरांवरचं पावसाचं पाणी पन्हळीतून, भिंतीत बसवलेल्या खापरी नळांतून इथे उतरत होतं. बाहेरच्या अंगाला जमिनीलगत एक छोटी खिडकी होती, हंडा जेमतेम आत जाईल एवढी. बांधणाऱ्याच्या अकलेला मी मनोमन हात जोडले.

मागे वळले तर दारात ब्रदर.

"एक विनंती आहे, बाई," ते म्हणाले. "हे कागदावर घेऊ नका."

त्यांनी सांगितलं ते असं. वाडीची विहीर होळीला आटते. तेव्हापासून पाऊस लागेपर्यंत बायका इथलं पाणी नेतात. मठाचा दगड वाडीतल्याच लोकांनी वाहिला होता आणि ती खिडकी तेव्हाच्या मोठ्या फादरनी त्यांच्यासाठीच ठेवली होती. आजवरच्या एकाही नकाशात ही टाकी नाही. मुंबईच्या कार्यालयाला कळलं तर रिकाम्या खोल्यांत पाहुणे ठेवतील आणि हे पाणी त्यांच्यासाठी राखतील.

खरं सांगायचं तर मला तेव्हाही ते पटलं नाही. किती सोयीची गोष्ट, असंच वाटलं. शिवाय पोकळ भिंत भरीव दाखवली आणि उद्या छप्पर चढवताना काही झालं, तर कुणाला धरणार? "बघते," एवढंच मी म्हणाले.

आणि टाकी नकाशात घेतली. नुसती घेतली नाही, तिच्यासाठी वेगळा कागद केला. पायऱ्या, कमान, नळ, खिडकी, सगळं बारीक रेघांनी काढलं. छपराच्या सुरक्षिततेचं कारण खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं. जे कुणाला सापडलं नाही ते मला सापडलं होतं आणि ते कुणीतरी बघायला हवं होतं. कार्यालयातल्या साहेबांनी तो कागद दोनदा बघितला. मी फुशारून गेले.

पुढच्या एप्रिलमध्ये छपराचं झालेलं काम बघायला गेले. छप्पर सुरेख झालं होतं. भोजनगृहातल्या दाराला लोखंडी जाळी आणि कुलूप होतं, आतून पंपाचा आवाज येत होता. दक्षिणेच्या खोल्यांना नवीन न्हाणीघरं जोडली होती, शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांसाठी. मी बाहेरून वळसा घालून गेले. खिडकीच्या जागी सिमेंटचा ताजा चौकोन होता.

ब्रदर फाटकाजवळच्या बाकावर बसले होते. त्यांनी मला बसायला जागा दिली. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

तेवढ्यात समोरच्या वाटेने वाडीतली एक बाई नदीवरून हंडे घेऊन आली. घामाने निथळत होती. मला ओळखून थांबली. ब्रदरांकडे तिने पाठ केली.

"मॅडम, तुमी मागल्या साली आलेल्या ना? बगा, कसं केलं आमचं. दोन तास जातात आता पान्याला. ह्या म्हाताऱ्यानंच मुंबयला सांगितलं असंल. त्याच्याबिगर कुनाला ठाव व्हतं? आमी आता बोलत बी नाय त्याच्याशी."

म्हणजे वर्षभरात ब्रदरांनी माझं नाव घेतलं नव्हतं. ते सगळं ऐकत होते. हातातल्या काठीकडे बघत होते.

"तुमी शिकल्याली मान्सं," ती म्हणाली. "तुमाला काय वाटतं? त्यानंच सांगितलं ना?"

मी म्हणाले, "असेल."